‘ग्रात्सिए, ए लेई?’

श्रोतेहो, नमस्कार. इटालियन शिकू लागलेल्या माणसाला अभिवादनाचे शब्द लवकर पाठ होतात; परंतु समोरून अभिवादन आले की उत्तर काय द्यावे, येथे त्याची गाडी अडते. आजचे भाषण त्या उत्तरांविषयी आहे.

‘बुऑन जोर्नो’ (शुभ दिवस) याला ‘बुऑन जोर्नो’ आणि ‘बुओना सेरा’ (शुभ संध्याकाळ) याला ‘बुओना सेरा’, इतके सोपे आहे. मात्र इटलीच्या तोस्काना आणि सार्दिनिया या प्रांतांत दुपारचे जेवण आटोपताच ‘बुओना सेरा’ ऐकू येते, तेव्हा घड्याळाकडे न पाहता समोरच्याचाच शब्द परत करावा.

खरी कसोटी ‘कोमे स्ता?’, म्हणजे ‘आपण कसे आहात?’, या प्रश्नाची. नुसते ‘बेने’, म्हणजे ‘ठीक’, म्हणून थांबणे तुटक वाटते; ‘बेने, ग्रात्सिए, ए लेई?’, म्हणजे ‘ठीक, धन्यवाद, आणि आपण?’, म्हणत विचारपूस परत करायची असते. हे आदरार्थी ‘लेई’ (शब्दशः ‘ती’) मराठी माणसाला चकवते, कारण आपण आदराने बोलताना अनेकवचन वापरतो, तर इटालियनमध्ये समोर पुरुष असला तरी ‘लेई’बरोबर क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनीच येते. आपल्या सवयीने जवळचे वाटणारे अनेकवचनी ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’, नेपल्ससारख्या दक्षिणेकडील भागांत वडीलधाऱ्यांशी बोलताना अजून ऐकू येते. १९३८ मध्ये फॅसिस्ट राजवटीने ‘लेई’ हटवून ते साऱ्या देशावर लादू पाहिले, पण राजवट गेली आणि ‘लेई’ टिकले. प्रश्न ‘कोमे स्ताई?’ असा एकेरी आला, तर समवयस्काला ‘ए तू?’ असे विचारावे. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीशी मात्र ती स्वतः ‘दियामोची देल तू’ म्हणेपर्यंत, म्हणजे एकेरीवर येण्याचे सुचवीपर्यंत, ‘लेई’च ठेवावे. अनोळखी दुकानदाराला ‘चाओ’ हे सलगीचे अभिवादन म्हणणे मला तरी घाईचे वाटते. तेथे ‘साल्वे’ हा मधला, ना सलगीचा ना फार औपचारिक नमस्कार बरा.

जेवणाच्या टेबलावर ‘बुऑन आपेतीतो’ (जेवण सुरू करतानाची शुभेच्छा) याला ‘ग्रात्सिए, आल्त्रेत्तान्तो’, म्हणजे ‘धन्यवाद, आपल्यालाही’, असे उत्तर देतात. पण हे म्हणणारा वेटर असेल आणि तो स्वतः जेवायला बसणार नसेल, तर नुसते ‘ग्रात्सिए’ पुरे.

धन्यवाद कटाक्षाने टाळावेत अशीही एक जागा आहे. परीक्षेला निघालेल्याला ‘इन बोक्का आल लूपो’, अर्थात ‘लांडग्याच्या तोंडात’, अशी शुभेच्छा देतात. तिला ‘ग्रात्सिए’ म्हणणे अपशकुनी मानले जाते; रूढ उत्तर ‘क्रेपी’, म्हणजे ‘मरो तो लांडगा’, असे आहे. अलीकडे प्राणिप्रेमी मंडळी मात्र ‘वीवा इल लूपो’ म्हणत लांडग्याला दीर्घायुष्य चिंतू लागली आहेत.