सिंहाच्या मुताला उंदीर किती रात्री घाबरतो?

(मॅकाडेमियाचं कवच कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार मंडळी! हे भोक बघा. कडेला दातांच्या बारीक रेघा दिसतायत? हे मॅकाडेमियाचं, म्हणजे एका कडक कवचाच्या सुक्या मेव्याचं कवच. ते फोडायला माणसाला हातोडी लागते. काळ्या उंदराने ते कुरतडलं, आतला गर चाटूनपुसून खाल्ला आणि टरफल आपल्यासाठी ठेवलं. झाडाखाली पाहिलं तर वाटतं माल पडलाय, उचललं की पोकळ.

यावर एक उपाय बराच सांगितला जातो: बागेत कोल्ह्या-मांजराचा वास लावा, उंदीर फिरकणार नाहीत. हसू नका, यात तथ्य आहे. मांसाहारी प्राण्यांच्या मुतात फेनिलइथाइलअमाइन नावाचा पदार्थ भरपूर असतो. 2011 साली 38 जातींच्या सस्तन प्राण्यांचं मूत्र तपासणारा अभ्यास आला. सिंहाच्या मुतापासून उंदीर लांब राहायचे. त्यातून हा एकच पदार्थ काढला, तर तितके लांब राहीनात. आणि हे उंदीर प्रयोगशाळेतले बरं का, त्यांच्या सात पिढ्यांनी सिंह पाहिलेला नाही!

मग घोडं कुठे अडतं? उंदीर घाबरतो, पण म्हणून उपाशी बसत नाही. रोज वास येतो, कोल्हा काही येत नाही. लांडगा आला रे आला, पण किती दिवस? त्यात वास उडून जातो, पावसात धुतला जातो. शिवाय काळा उंदीर चढण्यात पटाईत. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतील, तर तुम्ही बुंध्याशी वास लावून बसा, तो वरच्या वर पुढच्या झाडावर.

म्हणून वासाची बाटली विकत घेण्याआधी स्वतः तपासा. दोन उथळ ट्रे घ्या. दोन्हींत सारखी कोरडी वाळू आणि 50-50 दाणे मिसळा. एकाजवळ वास ठेवा, दुसरा बऱ्याच अंतरावर, पण तशाच झाडोऱ्यात. सुरुवातीला दाणे पटापट सापडतात, मग उकरत बसावं लागतं. जिथे जिवाची भीती जास्त, तिथून उंदीर लवकर उठतो. सकाळी उरलेले दाणे मोजा: जास्त उरले, म्हणजे भीती जास्त. ही मोजणी इकॉलॉजिस्ट जोएल ब्राऊन यांनी 1988 मध्ये मांडली, आणि मला ती फार आवडते. उंदराच्या मनातलं चक्क दाण्यांत मोजता येतं! पण एका रात्रीवर जाऊ नका. दोन ट्रेंमधला फरक मिटेपर्यंत रोज मोजा. तेवढ्याच रात्री तुमच्या वासाचं आयुष्य.

आणि कृपा करून मांजराची विष्ठा बागेत टाकू नका. तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो आणि आपण फळं जमिनीवरून वेचतो. वर गंमत अशी, की हाच परजीवी उंदराला झाला तर त्याची मांजराच्या वासाची भीती कमी होते. म्हणजे करायला गेलो एक...

मी वास वापरेन तो फळगळीच्या तोंडावर, थोडेच दिवस, रोज जागा बदलून. त्याआधी गवत कापेन, फांद्यांमध्ये फट पाडेन, म्हणजे लपायला जागा उरणार नाही. आणि गव्हाणी घुबडासाठी पेट्या लावेन, कारण घुबड खरंच झडप घालतं. पेट्या लावल्यात तर विष मात्र बंद. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडही दगावू शकतं.

ट्रे ठेवलेत तर आकडे कमेंटमध्ये टाका. पहिल्या रात्रीचेही आणि दहाव्याही.