बसलं म्हणजे जमलं असं नाही

मागच्या रांगेला माझ्या हातात काय आहे ते दिसणार नाही, म्हणून सांगतो. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या, दोन पट्ट्या आहेत. डाव्या हातात डीडीआर४, उजव्या हातात तिच्या पुढच्या पिढीची डीडीआर५. लांबी जवळपास सारखी, खालच्या सोनेरी पिना दोन्हींना २८८. लेबल झाकलं तर पहिल्यांदा बघणारा माणूस दोन्ही एकच म्हणेल. फरक आहे तो या खाचेत. दोन्हींची खाच मधोमध वाटते, पण नेमक्या एकाच जागी नाही, थोडी सरकलेली आहे. त्यामुळे डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या स्लॉटवर ठेवली की स्लॉटमधला उंचवटा खाचेत न येता पट्टीच्या कडेला टेकतो आणि पट्टी खाली जातच नाही.

सुटे भाग आणून पहिला गेमिंग पीसी जुळवताना काय जुळतं नि काय नाही, हा आजचा विषय; पण सगळं बोलणं या खाचेबद्दल आहे असं समजा. कुणीतरी आधीच विचार करून ठेवलाय, की माणूस चुकीची वस्तू घेऊन येणार आणि ती घुसवायला बघणार, तर वस्तूनेच नाही म्हटलं पाहिजे. हे शहाणपण पहिल्यापासून नव्हतं. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्या घराण्यातल्या जुन्या मशिनांत मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीला, वीज द्यायला दोन कनेक्टर असत, पी८ आणि पी९. शेजारीशेजारी, दिसायला सारखे. त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकत असे. तेव्हाच्या लोकांनी एक खूण पाठ केलेली असायची: दोन्हींच्या काळ्या वायरी मधे, एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत. म्हणजे बोर्डचा जीव माणसाच्या आठवणीवर. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे बोर्डचं नवं प्रमाण आणलं, त्यात २० पिनांचा एकच कनेक्टर आला. तो उलटा बसत नाही. पुढे त्याच्या २४ पिना झाल्या, पण उलटा तो आजही बसत नाही.

आता पहिल्यांदा गेमिंगचा पीसी जुळवणाऱ्याला भीती कशाची असते? प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या त्याच्या जागेत, बसेल का, रॅम बसेल का. अहो, जे बसतच नाही त्याने फार नुकसान होत नाही. परत करायला जावं लागतं, एक सुट्टी वाया जाते, बस. घात करतं ते जे मुकाट्याने बसतं.

तरी न बसणाऱ्या गोष्टींवरून एक हात फिरवू. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीचं एएम४ सॉकेट १३३१ पिनांचं, आणि पिना प्रोसेसरच्या पोटाला. २०२२ मध्ये एएम५ आलं, त्यात १७१८ संपर्क आणि ते बोर्डवर. एएम५ला रॅम डीडीआर५च लागते. इंटेलकडे एलजीए १७०० हे सॉकेट बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरचं. त्याचे बोर्ड डीडीआर४चेही मिळतात आणि डीडीआर५चेही, तेव्हा बोर्डचं पूर्ण नाव वाचा. कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तीन आकडे शोधायचे: कोणत्या मापाचा बोर्ड मावतो, ग्राफिक्स कार्डची लांबी किती चालते, प्रोसेसरच्या कूलरची उंची किती चालते. आरटीएक्स ४०९०चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आहे, इतरांची काही त्याहूनही लांब. शिवाय समोरच्या बाजूला पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावलात तर त्याची नि पंख्यांची जाडी त्या लांबीतूनच वजा होते. नाकापेक्षा मोती जड व्हायला फार लागत नाही. आणि जुना कूलर वापरणार असाल तर हेही बघा, की इंटेलने एलजीए १२०० वरून १७०० वर येताना कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर केलं. तीनच मिलिमीटर, पण ब्रॅकेट नवीन लागतं.

इथपर्यंत वस्तू स्वतः बोलतात. पुढे त्या बोलत नाहीत.

इंटेलचं एलजीए ११५१ घ्या. सहाव्या आणि सातव्या पिढीचं हे सॉकेट. २०१७ च्या शेवटी आठवी पिढी आली, तिचेही संपर्क ११५१, आकार तोच, खाचा त्याच. जुन्या बोर्डवर प्रोसेसर अगदी अलगद बसतो, खटका लागतो, आणि चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट, म्हणजे बोर्डवरची नियंत्रण करणारी चिप, लागतो. सेकंडहँड माल घेणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं. सॉकेटचं नाव जुळणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे.

दुसरं, बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डमधला छोटा प्रोग्राम. एएमडीचा बी४५० चिपसेट २०१८चा, रायझन ५००० मालिका २०२०ची. दोन्ही एएम४. प्रोसेसर बसतो, बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर मात्र काळोख. बोर्डातलं बायोस जुनं आहे, त्याला हा पाहुणा ओळखताच येत नाही. अपडेट केलं की तोच बोर्ड तोच प्रोसेसर नीट चालवतो. पण अपडेट करायला बायोस उघडलं पाहिजे, आणि ते उघडायला बोर्ड ओळखेल असा प्रोसेसर हवा! या चक्रातून सुटायला काही बोर्डांना मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं. पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा, प्रोसेसर नसला तरी बायोस बदलतं. माझं मत विचाराल तर पहिल्या पीसीला रंगीत दिवे नसले तरी चालतील, हे बटण असलेला बोर्ड घ्या. आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या प्रोसेसरपुढे बायोसची कोणती आवृत्ती लिहिली आहे, ते आधी बघा.

रॅमचा खेळ जरा वेगळा. इथे काही जळत नाही, फक्त पैसे दिलेला वेग मिळत नाही आणि माणसाला कळतही नाही. चार स्लॉट असतात. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, म्हणजे मेमरीकडे जाणारे दोन्ही रस्ते, म्हणजे चॅनेल, वापरात येतात. लोक पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारीशेजारी लावतात. चालतं, पण निम्म्या रुंदीच्या रस्त्यावरून. मग पट्टीवर ६००० लिहिलेलं असतं आणि मशीन ४८०० वर धावत असतं, कारण बायोसमध्ये जाऊन पट्टीवरचा वेग लावणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग चालूच केलेली नसते. आणि चारही स्लॉट भरायचा मोह आवरा. रायझन ७००० साठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चार पट्ट्यांना ३६००. आठच्या चारपेक्षा सोळाच्या दोन घ्या.

एम.२ एसएसडी, म्हणजे थेट बोर्डवर बसणारी साठवणीची पट्टी, तिच्याबद्दल थोडक्यात. त्याच मापाची पट्टी साटा या जुन्या, हळू जातीचीही असते आणि एनव्हीएमई या वेगवान जातीचीही, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतो असं नाही. काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट भरला की साटाचा एखादा पोर्ट बंद पडतो. मॅन्युअलमध्ये हे तळटीपेत असतं, आणि तळटीप कुणी वाचत नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डब्बा. इथे मी जास्त वेळ घेणार, कारण हात भाजलेत. काही वर्षांपूर्वी मी माझ्याच मशीनचा एसएमपीएस बदलला. जुना मॉड्युलर होता, नवाही मॉड्युलर. मॉड्युलर म्हणजे केबल दोन्हीकडून सुटतात. जुन्या केबल कॅबिनेटच्या मागे मी इतक्या सुबक बांधल्या होत्या, की सोडवायचं जिवावर आलं. म्हटलं, डब्बा तेवढा बदलू. केबलचं टोक नव्या डब्ब्यात घातलं, क्लिक झालं. बटण दाबलं. बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि वास सुटला. एक हार्ड डिस्क आणि एक एसएसडी, दोन्ही गेल्या.

झालं असं, की केबलच्या डिस्ककडच्या टोकाला साटाचं प्रमाण आहे, ते जगभर सारखं. एसएमपीएसकडच्या टोकाला तसं कोणतंही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाप्रमाणे पिना लावते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत फरक असतो. मात्र प्लास्टिकचा साचा बरेचदा तोच. म्हणजे खाच म्हणते ‘या’, आणि आत ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट. चूक कंपनीची नव्हे, माझी होती, पण ती चूक अडवायला तिथे कुणी नव्हतं.

विजेचं गणित तसं सोपं आहे. कार्डला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या केबलमधून ७५, ८ पिनांच्या केबलमधून १५०. दोन ८ पिनांचं कार्ड असेल तर कमाल मर्यादा ३७५. मात्र कार्ड क्षणभरासाठी त्याच्या लिखित वॅटच्या बरीच वर उडी मारतं, म्हणून एसएमपीएस काठोकाठ घेऊ नका. ८० प्लसची गोल्ड-ब्राँझ पदकं वीज किती वाया जात नाही ते सांगतात, आतले सुटे भाग किती चांगले ते सांगत नाहीत. अजून एक: प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि कार्डची ८ पिनांची केबल या दोन वेगळ्या जाती आहेत, धन-ऋण उलटे. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डची ६ अधिक २.

२०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बरोबर १६ पिनांचा बारका कनेक्टर गाजला. ६०० वॅटपर्यंत वाहून नेणारा. काही लोकांचे कनेक्टर वितळले, आणि त्यातलं एक कारण होतं अर्धवट बसलेला कनेक्टर. पुढे त्याची आवृत्ती सुधारली. काय केलं? त्यातल्या बारीक पिना, ज्यांतल्या काही कार्डला ‘किती वीज घेऊ शकतोस’ हे सांगतात, त्या आखूड केल्या. कनेक्टर पुरता आत गेला नाही तर त्या टेकत नाहीत, मग कार्ड वीजच ओढत नाही. पी८-पी९ पासून चाळीस वर्षांनी पुन्हा तीच खाच कापावी लागली.

‘बॉटलनेक’, म्हणजे कोणता भाग बाकीच्यांना अडवतो ते, काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर विश्वास ठेवावा का, असं मघाशी एकाने विचारलं. मी ठेवत नाही. ‘प्रोसेसर इतके टक्के अडवतो’ हा आकडा गेमनुसार बदलतो, रिझोल्यूशननुसार बदलतो. त्यापेक्षा मॉनिटरपासून उलटं मोजा. १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू, फोर-के म्हणजे ८२.९ लाख, बरोबर चौपट. हा भार मुख्यतः कार्डवर पडतो. उलट १४४ हर्ट्झच्या पडद्याला दर ७ मिलिसेकंदांच्या आत नवी फ्रेम हवी, तिथे प्रोसेसरलाही पळावं लागतं. ६० हर्ट्झला हाच अवधी १६.७. पडदा ठरवा, मग कार्ड, मग प्रोसेसर. कार्ड घेताना लेन, म्हणजे स्लॉटमधून डेटा ये-जा करण्याच्या वाटा, बघा. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डचं टोक लांब स्लॉटमध्ये बसतं, पण आत लेन चारच. पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या पिढीच्या स्लॉटच्या बोर्डवर त्याची ये-जा निम्मी होते आणि ४ जीबी मेमरी भरली की ते जाणवतं. आणि सगळं जुळवून झाल्यावर मॉनिटरची केबल कार्डला लावा, मदरबोर्डला नको! हसू नका, फ्रेम मिळत नाहीत म्हणून रात्र जागवलेले लोक मला माहीत आहेत.

समोरून शेवटचा प्रश्न: घरात सुटी पडलेली मॉड्युलर केबल कोणत्या एसएमपीएसची, हे ओळखायचं कसं? बघून ओळखता येत नाही. मल्टिमीटरने एकेक पिन तपासता येते, पण पहिल्या पीसीसाठी कुणी त्या भानगडीत पडू नये. उरलेल्या केबल एसएमपीएसच्याच पिशवीत ठेवायच्या आणि पिशवीवर मॉडेलचं नाव लिहायचं. माझ्याकडे अजूनही एक खण भरून अशा केबल आहेत, की कोणती कुणाची ते मला आठवत नाही. फेकवत नाहीत, आणि लावायची हिंमतही होत नाही.