औषध नेमकं पोचतं कुठे?

टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या, अपस्मारात झटका बहुतेकदा हिप्पोकॅम्पसमध्ये सुरू होतो. हा भाग कानशिलाच्या आत, खोलवर असतो. दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, की शस्त्रक्रियेचा विषय निघतो. पण आठवणी साठवण्याचं कामही याच भागाकडे आहे. तो काढण्याऐवजी शांत करता येईल का?

मेंदूत शांत करण्याचं काम मुख्यतः गाबा हे मेंदूतलंच रसायन करतं. ते पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेला, चिकटलं की क्लोराइडची वाट उघडते, क्लोराइड आत शिरतं आणि पेशीची उत्तेजना उतरते. झटक्यांवर दिलं जाणारं डायझेपाम हे औषध ही वाट स्वतः उघडत नाही. गाबा हजर असेल तेव्हाच ती जास्त वेळा उघडायला लावतं. मस्किमॉलला गाबाची गरज लागत नाही. लाल टोपीच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या विषारी अळंबीतलं हे रसायन गाबाच्याच जागी बसतं.

तोंडावाटे दिलं तर त्याचा अंमल साऱ्या मेंदूवर होतो: गुंगी, भास, गोंधळ. म्हणून ते थेट जागेवर सोडायचं. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत आधी माकडांवर आणि मग रुग्णांवर हा प्रयोग झाला.

जागेवर सोडणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. औषध नुसतं ठेवलं तर ते काही मिलिमीटरपलीकडे झिरपत नाही. त्यामुळे बारीक नळीतून, हलक्या पण अखंड दाबाने ते पेशींमधल्या फटींतून ढकलतात. वेग मिनिटाला काही मायक्रोलिटर, बस्स. मिनिटाला एक मायक्रोलिटर धरला तर एक मिलिलिटर जायला साडेसोळा तासांहून जास्त लागतात. घाई केली की द्रव नळीच्या बाहेरच्या अंगाने मागे वर चढतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दाबाचा हिशेब चुकतो. आणि हिप्पोकॅम्पसला खेटूनच मेंदूजलाची पोकळी आहे. नळीचं टोक तिच्यात घुसलं तर औषध तिकडे वाहून जातं. पंप मात्र ठरलेली मात्रा गेल्याचंच दाखवत राहतो! औषधासोबत गॅडोलिनियम हे एमआरआयमध्ये उठून दिसणारं द्रव्य मिसळलं, तर औषध कुठवर पसरलं हे कळतं. खोल बसवलेले इलेक्ट्रोड तिथल्या लहरी टिपतात. तुलनेसाठी औषधाविना तोच द्रवही सोडून पाहावा लागतो. नाहीतर फरक औषधाने पडला की दाबाने, हे कळायचं कसं?

खरी मेख पुढे आहे. 2002 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूतून शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीची तपासणी केली. हिप्पोकॅम्पसलगतच्या सबिक्युलममधल्या काही पेशींना गाबा शांत करण्याऐवजी उत्तेजित करत होतं. क्लोराइड बाहेर काढणारा केसीसी2 हा वाहक कमी पडला, की ते पेशीत साचतं. मग वाट उघडताच क्लोराइड आत येण्याऐवजी बाहेर पडतं. अशा पेशीपर्यंत मस्किमॉल अगदी अचूक पोचवलं, तरी ते तीच वाट उघडणार.