चांदीच्या टापराचा ठेका

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे गुरुत्वीय लहरींबद्दल, म्हणजे जड तारे एकमेकांभोवती फिरताना अवकाशात उठणाऱ्या तरंगांबद्दल, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधरांच्या संशोधनाबद्दल. पण आधी आमच्या चांदीची गोष्ट सांगतो.

चांदी आमची गाय. गाव मंगरूळपीर तालुक्यातलं. मृगातल्या एका सांजेला वादळ उठलं, ढोरकीची गुरं पांगली. हळूहळू सगळी घरी आली, चांदी मात्र नाही. रात्र पडली. टिनावर पाऊस असा, की शेजारच्याचं बोलणं कळेना. बाबा बॅटरी घेऊन नाल्यापर्यंत दोनदा जाऊन आले. आजी ओसरीवर डोळे मिटून बसलेली.

चांदी मागच्या पायानं लंगडायची. त्यामुळं तिच्या गळ्यातलं लाकडी टापर निराळंच वाजायचं. टक-टक, जरा थांबून टक. टक-टक, जरा थांबून टक. आजी तोच ठेका बोटांनी मांडीवर धरून होती, आणि पावसाच्या आवाजात तो कुठं जुळतो का, एवढंच ऐकत होती.

एकदम म्हणाली, "आली थे. नाल्याच्या अंगानं येते."

आम्हा पोरांना काही म्हणता काही ऐकू येईना. तेवढ्यात वीज कडाडली, कान बधिर झाले. आजीची बोटं चालूच. कोठ्यात वासरू हंबरलं आणि तिची बोटं भरभर पडू लागली. "वासराचा आवाज ऐकला तिनं, पाय उचलला." मग दादाला म्हणाली, "कंदील घे अन् फाटकाकडे जाय." दादा फाटकाशी पोचला तर चांदी समोर उभी, अंगावरून पाणी निथळतंय.

आता टापर ऐकूच येत नाही. ई-क्लास, म्हणजे गावच्या चराईच्या, जमिनीवर अतिक्रमणं झाली, गुरं खुंट्याला आली. गावाला चराई राहिलीच पाहिजे, हे मी ग्रामसभेतही बोलतो, इथंही बोलतो.

तर, गुरुत्वीय लहर ऐकायलाही ठेका आधी ठाऊक हवा. न्यूट्रॉन तारा सूर्यापेक्षा जड, पण रुंदीला जेमतेम वीस किलोमीटर. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, आणि जवळ येतील तसा त्यांचा वेग वाढतो, वासराकडे निघालेल्या चांदीसारखा. त्यांची लहर इथं पोचेस्तोवर इतकी क्षीण होते, की ती टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो या यंत्राच्या चार किलोमीटर लांब भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाइतकाही फरक पडत नाही. वर जमिनीची थरथर आणि यंत्राचा स्वतःचा गोंगाट. आजीला एकच गाय ओळखायची होती. इथं ताऱ्यांची वजनं आधी माहीत नसतात, म्हणजे ठेके असंख्य. त्यातले नेमके किती, किती किती अंतरानं तयार ठेवावेत, म्हणजे एकही तारा निसटणार नाही? हे गणित धुरंधर आणि त्यांचे सहकारी सत्यप्रकाश यांनी १९९१ साली मांडलं. तेव्हा लायगो उभंही राहिलं नव्हतं. ठेका आधी, यंत्र नंतर!

१७ ऑगस्ट २०१७ ला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचा ठेका जुळला. सुमारे १०० सेकंद तो ऐकू येत होता. टक्कर व्हायच्या १.१ सेकंद आधी अमेरिकेत लुइझियानातल्या लायगोच्या यंत्रात गोंगाटाचा मोठा फटका आला, ती वीज कडाडली होती ना, तसाच. पण ठेका ठाऊक होता, म्हणून फटका बाजूला काढून खालचा आवाज वाचवता आला. टकरीनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणही पोचले.

आता आपल्या वाशीमला लागून, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही तशीच वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला २६०० कोटी मंजूर केले. आजीनं नुसतं "आली" म्हटलं नव्हतं, "नाल्याच्या अंगानं" म्हटलं होतं. दिशा कळायला एक कान पुरत नाही. अमेरिकेत असे दोन कान, म्हणजे यंत्रं, आहेत, इटलीत एक, जपानात एक. आपल्या बाजूचा कान जोडला गेला, की टक्कर आकाशात नेमकी कोणत्या अंगाला झाली, ते आणखी नेमकं सांगता येईल.