कारिन यांचे घर, कार्ल यांची चित्रे

स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील सुंडबॉर्न या गावी, पाण्याच्या काठावर उभे असलेले हे तांबडे लाकडी घर म्हणजे 'लिला हित्नेस'. भिंतींना दिलेला हा रंग जवळच्याच फालून येथील तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून तयार होतो आणि या भागात तो घरोघरी दिसतो. 1888 मध्ये कारिन यांच्या वडिलांनी हे घर लेकीला आणि जावयाला दिले. जावई होते विख्यात चित्रकार कार्ल लार्सन. स्टॉकहोममध्ये अठराविश्वे दारिद्र्यात ज्यांचे बालपण गेले, त्या कार्ल यांना इथे प्रथमच हक्काचे छप्पर लाभले.

कारिन स्वतःही चित्रकार होत्या. स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत त्यांचे रीतसर शिक्षण झाले होते, आणि फ्रान्समधील ग्रे या खेड्यात, स्कँडिनेव्हियन कलावंतांच्या मेळ्यात, दोघांचे सूर जुळले. 1883 मध्ये लग्न झाले. पुढे मुलाबाळांच्या व्यापात कारिन यांचे चित्र काढणे थांबले आणि त्यांची सारी कला या घरात उतरली. जेवणघरातील लाल-हिरव्या रंगाचे लाकूडकाम पाहा. बाकामागच्या भिंतीवरचा, चार महाभूतांवर रचलेला विणकामाचा पट कारिन यांनी स्वतः मागावर विणला आहे. उश्यांचे अभ्रे, पडदे, मुलांचे कपडे, फर्निचरचे आराखडे, सारे त्यांच्याच हातचे. त्यांनी कल्पिलेली एक झुलती खुर्ची इतकी साधी आणि अनोखी होती की, गावच्या सुताराने ती लाजून रात्रीच्या अंधारात पोहोचवली, असे सांगतात.

एका उन्हाळ्यात पावसाची झड थांबेना आणि बाहेर बसून चित्र काढणे अशक्य झाले, तेव्हा 'घरच रंगवा की,' असे कारिन यांनीच सुचवले. त्यातून जलरंगातील जी मालिका उभी राहिली, तिच्यातील एक चित्र पाहा. खिडकीत ओळीने कुंड्या मांडल्या आहेत, एक मुलगी झारीने रोपांना पाणी घालते आहे आणि खोलीभर प्रकाश पसरला आहे. दुसऱ्या चित्रात शिक्षा म्हणून खुर्चीवर बसवलेला, हिरमुसलेला मुलगा दिसतो. रेषा कार्ल यांची आहे, यात शंका नाही. परंतु त्या रेषेने जे टिपले, ती खोली, तो पडदा, ती रंगसंगती आधी कारिन यांनी योजली होती, आणि ही चित्रे पाहताना त्यांचे नाव प्रथम घ्यावयास हवे.

1899 मध्ये ही चित्रे 'एत हेम', म्हणजे 'एक घर', या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. 1909 मध्ये जर्मन भाषेत निघालेल्या पुस्तकाच्या हजारो प्रती हातोहात खपल्या आणि स्वीडिश घरसजावटीची कल्पनाच पालटली. मूळ मालिका स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून घर लार्सन वंशजांकडे आहे. मार्गदर्शकासोबत ते आतून पाहता येते.