पेडल आलं, मॅन्युअल कुठे गेलं?

[दृश्य: टेबलावर नवं कोरं खोकं. दोन हात ते उघडतात. पेडल, एक स्टिकर, व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद.]

हे गिटारचं इफेक्ट पेडल. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मधे, जमिनीवर बसणारं. पायाने दाबलं की आवाज फाटतो, घुमतो, लाटा घेतो, नाहीतर प्रतिध्वनी होऊन परत येतो.

या नव्या पेडलच्या आत एक छोटा कॉम्प्युटर आहे. सहा नॉब, प्रत्येकाला दोन-दोन कामं. मागे मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची सोय), यूएसबी. आणि हे सगळं समजावून सांगायला खोक्यात काय आहे? क्यूआर कोड छापलेलं कार्ड. वॉरंटीच्या अटींची चिठ्ठी मात्र चांगली सात-आठ भाषांत.

[दृश्य: केशरी रंगाचं जुनं पेडल, शेजारी घडी पडलेलं पत्रक.]

आता हे बघा. बॉस डीएस-१. जपानच्या रोलँड कंपनीच्या बॉस या ब्रँडने १९७७ मध्ये एकाच मापाच्या छोट्या पेडलांची मालिका सुरू केली. हे त्यातलं १९७८ चं. नॉब तीनच: टोन, लेव्हल आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज किती फाडायचा ते. तरी याच्यासोबत घडीचं पत्रक यायचं. कुठला नॉब काय करतो, केबल कुठून कुठे जाते, बॅटरी कशी बदलायची. शिवाय सॅम्पल सेटिंग: छोटी वर्तुळं, त्यात नॉबचा काटा दाखवणारी रेघ. टोन घड्याळात दहा वाजतात तिथे, डिस्टॉर्शन दोनवर, असं बघून लावायचं आणि वाजवायचं.

म्हणजे तीन नॉबांना पत्रक आणि कॉम्प्युटरला कार्ड. वस्तू जितकी गुंतागुंतीची होत गेली, तितकं तिच्याबद्दलचं छापील लिखाण आखूड होत गेलं. ही उलटी गंगा कशी वाहायला लागली, ते या फिल्ममध्ये बघू.

[दृश्य: इनपुटच्या सॉकेटमध्ये केबल खोचली जाते. जवळून.]

आधी पत्रकातली एक साधी ओळ. अशा पेडलमध्ये इनपुटला केबल खोचली की बॅटरी चालू होते. पायाने इफेक्ट बंद केला, दिवा विझला, तरी ती चालूच. केबल उपसेपर्यंत. वरून बघून हे कळायला काही मार्ग नाही. वाजवून झालं की केबल काढा, एवढंच पत्रक सांगायचं. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांनी नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या विकणाऱ्यांचं भलं केलं.

[दृश्य: काळं पेडल. बोटं मधला नॉब फिरवतात. नॉबवर आणखी एक नॉब दिसतो.]

हे १९९१ चं बॉस एमटी-२, मेटल झोन. याच्याइतकी टिंगल क्वचितच दुसऱ्या पेडलच्या वाट्याला आली असेल. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा आवाज, असं लोक म्हणतात. आमच्या मते यातला निम्मा दोष न वाचण्याचा आहे.

समोर नॉब चार दिसतात, पण मधले दोन दुमजली आहेत. एकूण सहा नियंत्रणं, त्यातली चार इक्वलायझरची, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर हाताळणारी. त्यातही फसवं आहे ते मिड फ्रिक्वेन्सी. ते काहीच कमी-जास्त करत नाही. २०० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) ५ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात नेमका कुठे हात घालायचा, एवढंच ते ठरवतं. तिथला आवाज उचलायचा की दाबायचा, हे त्याच दुमजली नॉबवरच्या मिडलकडे. म्हणून मिडल बरोबर मध्यावर असेल, तर मिड फ्रिक्वेन्सी कितीही फिरवा, ढिम्म फरक पडत नाही. नवखा म्हणतो, नॉब गेलाय. मग मिडल पार वर नेतो आणि घरच्यांचे कान किटतात. या दोन नॉबांचं नातं व्हिडिओ बघून क्वचितच उमगतं. दोन ओळी लिहिल्या की उमगतं.

[दृश्य: लाकडी कडा असलेलं मोठं पेडल. संथ कॅमेरा.]

लिहिण्याची खरी हौस बघायची असेल तर बॉब मूग यांच्याकडे जायला हवं. सिंथेसायझरवाले मूग. १९९८ मध्ये त्यांच्या कंपनीने, तेव्हा तिचं नाव बिग ब्रायर होतं, मूगरफूगर नावाची पेडलं आणली. त्यांच्या मॅन्युअलची पहिली अटच अशी दिसते की वाचणाऱ्याला हे यंत्र काय करतं ते कळलंच पाहिजे.

एमएफ-१०२ हे त्यातलं रिंग मॉड्युलेटर. आता रिंग मॉड्युलेशन म्हणजे काय? आपण करूनच बघू.

[दृश्य: पाटीवर खडूने आकडे.]

गिटारच्या सर्वांत बारीक तारेवर पाचव्या फ्रेटचा स्वर असतो ४४० हर्ट्झ. पेडलच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःचा एक स्वर काढणारा भाग, लावा १०० वर. बाहेर काय येईल? ४४० येणार नाही, १०० ही येणार नाही. येईल बेरीज आणि वजाबाकी: ५४० आणि ३४०. एक फ्रेट पुढे सरका, साधारण ४६६. आता ५६६ आणि ३६६. गिटारवर दोन स्वरांत जे नातं होतं, ते बाहेरच्या आवाजांत उरलंच नाही. शिवाय प्रत्येक स्वरासोबत त्याचे उपस्वर, त्यांचीही अशीच बेरीज-वजाबाकी. म्हणून हा आवाज घंटेसारखा, धातूचा लागतो. मग ऑसिलेटरही ४४० वर आणा. बेरीज ८८०, वजाबाकी शून्य. तोच स्वर, वरच्या सप्तकातला! हे एकदा कागदावर मांडलं की नॉब अंदाजाने फिरवायची गरज राहत नाही.

मूग यांना ही सवय जुनी होती. १९५४ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, त्यांनी थेरमिन हे हात न लावता वाजणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य कसं बांधायचं यावर एका रेडिओ मासिकात लेख लिहिला होता. पुढे ते थेरमिनची किट विकायचे. सुटे भाग विकणाऱ्याला नीट लिहावंच लागतं, कारण गिऱ्हाइकाने एक जोड चुकवला तर वाद्य वाजतच नाही. २००५ मध्ये मूग गेले, २०१८ मध्ये मूगरफूगरचं उत्पादनही थांबलं.

[दृश्य: हिरवं, चार फूटस्विचचं पेडल.]

१९९९ चं हे लाइन ६ चं डीएल४. डिलेचे, म्हणजे आवाज थोड्या वेळाने परत ऐकवण्याचे, १५ प्रकार. याच्या पुस्तिकेला कंपनीने नाव दिलं पायलट्स हँडबुक, जरा जास्तच झालं ते! पण आत मजकूर होता. कुठला आवाज कुठल्या जुन्या यंत्रावरून घेतला, एकोप्लेक्स काय होतं, टेपवाला स्पेस एको काय होता, याची माहिती. पेडल विकत घेणाऱ्याला फुकटात इतिहास मिळायचा.

[दृश्य: छापखान्यातला कागद, मग मोबाइलच्या पडद्यावर पीडीएफ.]

मग झालं काय? खर्च हे एक कारण, त्यात फार शिरायला नको. दुसरं कारण जास्त खरं आहे: पेडल विकल्यानंतरही बदलायला लागलं. फर्मवेअर, म्हणजे पेडलच्या आतला प्रोग्रॅम, त्याचं अपडेट आलं की नॉबचं काम बदलतं, नवा मोड येतो. आज छापलेली पुस्तिका चार महिन्यांनी खोटी ठरते. तिसरं, दोन-तीन माणसांची छोटी वर्कशॉप. सर्किट उत्तम बनवणारा माणूस मजकूर लिहायला बसतोच असं नाही. आणि चौथं, डेमोचे व्हिडिओ. कंपन्यांना वाटलं, आवाज ऐकवला की काम झालं. पण डेमोतली गिटार वेगळी, अ‍ॅम्प वेगळा, वाजवणाऱ्याचा हात वेगळा. आवाज मिळतो, कारण मिळत नाही.

कायद्यानेही वाट मोकळी केली आहे. डिजिटल उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये रेडिओतल्या व्यत्ययाबद्दलचा ठरावीक मजकूर हवा, असा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा नियम आहे. पण मॅन्युअल फक्त इंटरनेटवर असेल, तर तो मजकूरही तिथेच चालतो.

पीडीएफला नावं ठेवायची नाहीत आम्हाला. शोधता येतं, मोठं करून वाचता येतं, फाटत नाही. आणि जुन्या छापील पत्रकांतलं इंग्रजी काही वेळा असं असायचं की जपानी येत असतं तर बरं झालं असतं, असं वाटावं. अडचण कागद गेल्याची नाही. कागदासोबत लिहिण्याची सक्तीही सैल झाली, ही आहे.

त्यात पेडलं लपवाछपवी करायला लागली. स्ट्रायमन कंपनीचं मूळ एल कॅपिस्टन हे डिलेचं पेडल घ्या. दोन्ही फूटस्विच दाबून धरायचे आणि नॉब फिरवायचे, मग दुसरीच नियंत्रणं हाती लागतात. त्यात स्प्रिंग रिव्हर्बही, म्हणजे खोलीसारखी घुमही, आहे. अख्खा एक इफेक्ट, आणि पेडलच्या तोंडावर त्याचा मागमूस नाही! सेकंडहँड घेणाऱ्याला कोण सांगणार?

[दृश्य: मुंबई, धोबी तलावचा चौक. वाद्यांच्या दुकानाची काच.]

सेकंडहँडचा विषय निघाला की आपल्याकडे यावंच लागतं. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यातली बरीच पेडलं गल्फमधल्या मामाच्या नाहीतर अमेरिकेतल्या दादाच्या बॅगेतून यायची. बॅगेत जागा कमी, म्हणून खोकं तिकडेच राहायचं आणि मॅन्युअलही. झूम ५०५ हे तेव्हाचं लाडकं मल्टिइफेक्ट, म्हणजे एकाच पेडलमध्ये अनेक इफेक्ट. त्याच्या पडद्यावर मावायची दोनच अक्षरं. ती कशाची खूण आहे हे तक्त्याशिवाय कळणं कठीण, म्हणून त्या तक्त्याच्या झेरॉक्स फिरायच्या. झेरॉक्सची झेरॉक्स, शेवटी आठ आणि तीन सारखेच दिसायचे.

अमेरिकेतून आलेल्या अ‍ॅडॅप्टरवर १२० व्होल्ट, आपल्या भिंतीत २३०. तो अ‍ॅडॅप्टर जळाला की दुकानातला नवा यायचा, आणि पुढचा घोळ सुरू व्हायचा.

[दृश्य: पेडलच्या कडेवर 'एसीए' ही अक्षरं. जवळून.]

जुन्या बॉस पेडलवर अ‍ॅडॅप्टरचं नाव असतं एसीए, नव्यांवर पीएसए. एसीए म्हणायला नऊ व्होल्टचा, प्रत्यक्षात जास्त देणारा. ते जास्तीचं खाली आणायची सोय पेडलच्याच आत. म्हणून त्याला आजचा चोख नऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला की दिवा मिणमिणतो, आवाज दबतो. माणूस समजतो, पेडल गेलं. गंमत म्हणजे त्याच अ‍ॅडॅप्टरच्या माळेत दुसरं नवं पेडल जोडा, हे ठणठणीत! दोघांमधल्या केबलमधून ग्राउंडला, म्हणजे विजेच्या परतीच्या मार्गाला, दुसरी वाट मिळते आणि व्होल्ट खाली आणणारी ती सोय टळते. कितीतरी चांगली पेडलं या एका कारणासाठी दुरुस्तीच्या टेबलावर येत असतील.

[दृश्य: कपाटातले खोके, त्यात पुस्तिका.]

जुना कागद वाचवणारे लोक आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधलं एक मॅन्युअल विकणारं दुकान बंद होत होतं. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाचे जेसन स्कॉट आणि स्वयंसेवकांनी तिथल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या हजारो पुस्तिका खोक्यांत भरून हलवल्या. रोलँडसारख्या मोठ्या कंपनीच्या साइटवर जुन्या पेडलांची मॅन्युअल आजही सापडतात. धोका आहे तो लहान कंपन्यांचा. कंपनी बंद झाली की साइट जाते, आणि कार्डावरचा क्यूआर कोड कुठेच नेत नाही.

तेव्हा पेडल घेतलंत की त्याच दिवशी पीडीएफ उतरवून घ्या. फाइलच्या नावात फर्मवेअरचा क्रमांक लिहा, नाहीतर पुढच्या अपडेटनंतर कुठली खरी ते कळणार नाही. दोन पानं छापा: लपलेल्या नियंत्रणांचं आणि वीजपुरवठ्याचं. घडी घालून खोक्यात टाका. आणि पेडल विकलंत, तर खोक्यासकट विका.