आधी रिकामी पेटी, मग साप

(वन्यजीव सप्ताहात जळगाव येथे शाळकरी मुले आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलांनो, आणि मुलांनी हाताला धरून आणलेल्या पालकांनो,

खानदेशात सापांवर बोलायचं म्हणजे एरवी नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चौकडी, दंश झाल्यावर काय करायचं आणि दवाखाना किती लांब, एवढंच. केळीच्या बागेत रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला तेच ऐकायचं असतं आणि ते बरोबरही आहे. पण हल्ली साप पकडायचा फोन येतो तिथे गर्दीतलं एखादं आठवी-नववीतलं पोरगं बाजूला घेऊन विचारतं, "काका, पाळता येईल असा साप कोणता? आणि आईला कसं पटवू?" आज त्या पोरांसाठी बोलणार आहे. आया मागच्या ओळीत बसल्यात हे दिसतंय मला.

पहिली गोष्ट, बांधावरचा साप बरणीत घालून घरी आणायचा नाही. धामण असो, दिवड असो, तस्कर असो. 'बिनविषारी आहे की' हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप संरक्षित आहेत आणि अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षांची कैद आहे. मांडुळाचं तर विचारूच नका. 'डबल इंजिन' म्हणून त्याचा बाजार मांडलाय, गुप्तधनाच्या भाकडकथांवर लाखांचे सौदे होतात आणि पकडली जातात ती गावातली वीस-बावीस वर्षांची पोरं.

कायदा बाजूला ठेवा, तरी दुसरं कारण आहेच. कवड्या आणि मण्यार घ्या. कवड्या निरुपद्रवी, मण्यारीच्या विषाने झोपेतला माणूस जातो. दोघांच्याही गडद अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात, बारीक, बहुधा जोडीने, आणि शेपटीपर्यंत ठसठशीत. पाठीच्या मधोमध षटकोनी, मोठ्या खवल्यांची ओळ असते. हे मी इथे दिव्याखाली सावकाश सांगतोय. रात्री साडेनऊला मोबाइलच्या उजेडात, साप पळत असताना, ही ओळ मोजायला कुणी थांबत नाही.

मग पाळायचा कोणता? भारतात लोक पाळतात ते परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेले साप. मुख्यतः दोन: आफ्रिकेतला बॉल पायथन, म्हणजे छोटा अजगर, आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक. बॉल पायथन 'सायटिस' कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 साली आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, फेब्रुवारी 2024 मध्ये नियम आले, आणि आता असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. मेला, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नाही, पण तो कुठून आला याचा कागद हवाच.

इंटरनेटवर सगळे बॉल पायथनच्या मागे असतात. शांत, गुबगुबीत, हातात गोळा होऊन बसतो. तरी पहिला साप म्हणून मी त्याच्या बाजूचा नाही. चांगला धडधाकट बॉल पायथन महिनोन्‌महिने जेवण नाकारतो. जाणकार खांदे उडवतो. नव्या माणसाच्या घरात मात्र रोज रात्री 'तो मरतोय का?' हा खल चालतो. शिवाय रंगांचं वेड. बॉल पायथनच्या 'स्पायडर' नावाच्या रंगप्रकारात जो जनुक ती सुंदर नक्षी देतो, तोच सापाचा तोलही बिघडवतो. डोकं गरगरतं, साप वाकडा होऊन उंदरावर नेम चुकवतो. असला साप कितीही देखणा असला तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कॉर्न स्नेक तीन ते पाच फूट होतो, बहुधा खाण्याची कुरकुर करत नाही, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेशी त्याचं जास्त जमतं. त्याला पेटीची एक बाजू अठ्ठावीस-तीस अंशांची लागते, दुसरी तेवीस-चोवीसची. इथेच खानदेश आडवा येतो. परदेशी पुस्तकं पानंच्या पानं हीटरवर लिहितात. धुळ्यात पारा सहा-सात अंशांवर उतरतो त्या थंडीत ते उपयोगाचं आहे. पेटीखाली ऊब देणारी हीट मॅट लागेल, तिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट लागेलच, नाहीतर साप खालून भाजतो. पण भुसावळ-जळगावचा मे? बाहेर पंचेचाळीस, पत्र्याच्या खोलीत विचारायलाच नको. साप घाम गाळत नाही, धापा टाकून थंड होत नाही, त्याला फक्त सरकता येतं. सरकायला थंड जागाच नसेल तर तो मरतो. कूलर चालतो तोवर ठीक. दुपारी वीज गेल्यावर काय?

म्हणून मी पोरांना सांगतो, आधी पेटी कर. चार फूट लांब, दोन फूट रुंद, घट्ट झाकण, कुलूप. लपायला दोन जागा, एक उबेच्या बाजूला, एक गारव्याच्या. पाण्याचं भांडं. आणि दोन्ही टोकांना किमान-कमाल तापमान दाखवणारे डिजिटल थर्मामीटर. साप आणू नकोस. घरातली सगळ्यात गार खोली शोध आणि ती रिकामी पेटी डिसेंबरातून आणि मे महिन्यातून काढून दाखव. रोजचे आकडे वहीत लिही. ही वही आईसमोर ठेव. 'मी त्याची नीट काळजी घेईन गं' हे वाक्य तिने याआधी सायकलसाठी, कुत्र्याच्या पिल्लासाठी, ट्यूशनच्या टॅबसाठी ऐकलेलं आहे. वही तिने पाहिलेली नाही.

आणि आई जे विचारते ते हसण्यावारी नेऊ नका. एका माउलीने मला अहिराणीत थेट विचारलं, "रातले उठनू नि पायखाल उना तं?" रात्री उठले आणि पायाखाली आला तर? अगदी मुद्द्याचा प्रश्न! कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढं असतं आणि बोटभर फटीतून सहज निघतं. निघालं की शेजारी काठी घेऊन धावणार. तो अमेरिकेचा की इथला हे कुणी विचारणार नाही. म्हणून कुलूप. आणि कंटाळा आला म्हणून तो यावलच्या जंगलात सोडायचा नाही, परका प्राणी इथल्या रानात सोडणं हा वेगळाच घात आहे.

दुसरा प्रश्न फ्रिजचा. साप दूध पीत नाही, पोळी खात नाही. उंदीर खातो. पिल्लाला साधारण आठवड्याला एक, मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी, सापाच्या अंगाच्या जाडीएवढा. गोठवलेले उंदीर शहरातून मागवावे लागतात, कोमट पाण्यात सोडून पूर्ण वितळवून, ऊब आणून, चिमट्याने द्यावे लागतात. ते आईच्या फ्रिजमध्ये पनीरशेजारी ठेवायचे? माळकरी घरात, जिथे अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, तिथे हा विषय काढायचाच नाही. तिथे 'नाही' म्हणजे नाही. बाकीच्यांनी वेगळा छोटा फ्रीझर आणि त्याच्या विजेचं बिल, दोन्ही हिशेबात धरायचं. शेतातला उंदीर चालेल का, असं विचारतात. नाही. त्याने झिंक फॉस्फाइडची गोळी खाल्लेली असू शकते, आणि जंत असतात ते वेगळेच.

तिसरा, आजाराचा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. हात लावला की साबणाने धुवायचे, भांडं स्वयंपाकघरात धुवायचं नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर थांबावं. साप आजारी पडला तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींचा. बहुधा नाशिक-पुण्याची वाट धरावी लागेल.

चौथा प्रश्न आया बोलून दाखवत नाहीत. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो. आज नववीत असलेला मुलगा तीन वर्षांनी पुण्याच्या हॉस्टेलवर, साप इथेच. म्हणजे साप कुणाचा? आईचा. म्हणून परवानगी मागू नका, ती तुमच्याबरोबर सांभाळेल का ते विचारा. फरक मोठा आहे.

एक युक्तिवाद मात्र करू नका: "नागपंचमीला पूजतेस, मग घरात का नको?" श्रावणात नाग पूजून पुढच्या रविवारी कानबाई, आपली खानदेशची देवी, बसवणाऱ्या बाईला देव आणि घरात वावरणारा प्राणी यातला फरक तुमच्यापेक्षा चांगला कळतो. त्यापेक्षा तिला कात्रजच्या सर्पोद्यानात न्या. काचेमागचा साप तिला तिच्या वेळेने बघू द्या.

ती 'बघू' म्हणाली आणि घ्यायची वेळ आली, तर घाई नको. डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीखाली काळे ठिपके हलताना दिसले तर ते गोचिडांसारखे रक्त पिणारे बारीक जीव आहेत. पाण्याच्या भांड्यातही ते बुडून पडलेले दिसतात. तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडा असेल तर फुप्फुसांचा त्रास आहे. साप उलटा करून पोटाकडचे खवले पाहा, भाजल्याचे डाग नकोत. डोळे निळसर धुरकट दिसले तर घाबरू नका, तो कात टाकायच्या बेतात आहे. पडलेली कात मिळाली तर डोळ्यांवरच्या काचेसारख्या दोन टिकल्या तिच्यात आल्यात का ते बघा. तुमच्यासमोर एकदा त्याला उंदीर खाताना दाखवा म्हणा. घरी आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही, आणि जेवल्यावर दोन दिवस तरी नाहीच, नाहीतर ओकून टाकतो.

आणि विकणारा जर म्हणाला, "कागदाचं नंतर बघू, आधी घेऊन जा," तर पैसे खिशात ठेवायचे आणि जी पहिली एसटी मिळेल तिने परत यायचं.